गव्यापुढची रायफल : साधन निवडण्याविषयी



मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. माणूस खल करतो तो साधनांचा, साध्याचा नव्हे, असं त्याचं म्हणणं. वैद्य रोग्याला बरं करावं की नाही यावर डोकं खाजवत बसत नाही. कसं बरं करावं यावर बसतो. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, हे सगळं हवेत चाललंय. एक उदाहरण घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या." बरोबर आहे त्यांचं. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ : मोठ्या जनावरासाठी मोठ्या बोअरची बोल्ट रायफल कशी निवडतात?

तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हे कुठून सुचलं असं तुम्हाला वाटेल. दोन कारणं आहेत. आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत असतो. तिथं परवान्यानं, कायदेशीररीत्या, रानरेड्याची शिकार चालते. त्यानं आम्हाला विचारलं, "सर, तुमच्या घरी रायफल होती ना? मी कुठली घेऊ?" दुसरं कारण घरातलंच. ती रायफल अजून आमच्या कपाटात आहे. तिच्याकडे येऊच.

आधी जनावर बघा. रायफलीच्या दुकानातून सुरुवात केली की सगळी गल्लत होते. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानातला गवा घ्या. इंग्रजांनी त्याला 'इंडियन बायसन' म्हटलं आणि ते नाव इतकं चिकटलं, की १९५८ साली अभयारण्य झालं तेही 'दाजीपूर बायसन अभयारण्य' म्हणून. खरं तर तो बायसन नव्हेच, रानबैलांच्या कुळातला. जगातल्या रानबैलांत सर्वात थोर. पुरा वाढलेला नर खांद्यापाशी सहा फुटांच्या आसपास, आणि वजन टनाच्या घरात जाऊ शकतं. गंगावेशीत धारोष्ण दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात ना? तशा दोन म्हशी एका कातड्यात शिवल्या असं समजा. पाठीवर उंच कणा, त्याखाली स्नायूंचा डोंगर, आणि काळीज मात्र खाली, पुढच्या पायांच्या मागं. पाहणाऱ्याची नजर डोंगराकडे जाते, म्हणून नवख्याची गोळी नेहमी वर लागते. वर लागलेल्या गोळीनं गवा मरत नाही. तो निघून जातो.

आता रायफल. 'बोअर' म्हणजे नळीचं पोट. .३७५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तीनशे पंचाहत्तर. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. सात हजार ग्रेनचा एक पौंड. हे आपल्या डोक्यात बसत नाही, म्हणून आम्ही गुजरीतला हिशेब करतो. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे काडतूस १९१२ चं. त्याची जड गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे पावणेदोन तोळ्यांना जराशी कमी. ती नळीतून सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वेगानं निघते. .४१६ रिग्बी हे १९११ चं. त्याची गोळी ४१० ग्रेन, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त, आणि वेग २३७० फुटांच्या आसपास. या अर्ध्या-पाऊण तोळ्यावरून शिकारी लोक शंभर वर्षं भांडत आले आहेत.

ते भांडण ऐकण्यासारखं आहे, कारण ते आमच्या विषयातलं निघालं. एक गट म्हणतो, गोळीची ऊर्जा मोजा : वजन गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं. दुसरा गट म्हणतो, छे, वर्ग कशाला? साधा वेग धरा. आफ्रिकेत आयुष्य काढलेला जॉन टेलर या दुसऱ्या गटातला. त्यानं १९४८ च्या पुस्तकात एक सूत्र दिलं : ग्रेनमधलं वजन, गुणिले वेग, गुणिले गोळीचा व्यास, भागिले सात हजार. त्यानं .३७५ ला येतात चाळीस, .४१६ ला सत्तावन्न. आता गंमत बघा. गतीचं खरं माप कुठलं, वजन गुणिले वेग, की वजन गुणिले वेगाचा वर्ग, यावर देकार्तचे अनुयायी आणि लायब्निट्स यांच्यात १६८६ पासून कडाक्याचा वाद झाला. पुढं कळलं की दोन्ही मापं खरी, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. शिकाऱ्यांपर्यंत हा निकाल पोचलेला दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर गव्याच्या दृष्टीनं दोन्ही सूत्रं अपुरी आहेत. गोळी कुठं लागली आणि किती खोल गेली, हे त्या दोन्हींत नाही.

खोल जाण्याचं गणित निराळं. सारख्या वजनाच्या दोन गोळ्या घ्या, एक आखूड-जाडी, दुसरी लांब-सडपातळ. सडपातळ गोळी खोल जाते. सुई आणि चाफेखिळा यांतला फरक म्हणा. पण गोळी नुसती आरपार गेली तर जखम बारीक राहते, आणि कळपात मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावराला ती लागू शकते. उलट मऊ टोकाची गोळी आत गेल्यावर फुलते, जखम मोठी करते. पण खांद्याच्या हाडावर आपटून वरचेवरच फुटली तर आत काही पोचतच नाही. म्हणून गव्या-रेड्यासाठी जाड कवचाची, सावकाश फुलणारी जड गोळी पहिली, आणि तिच्या मागं मॅगझिनमध्ये टणक, न फुलणाऱ्या, अशी रीत पडली. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही पहिलं हेच लिहिलं, की रायफलीवर जेवढा विचार करतोस त्याच्या निम्मा तरी गोळीवर कर. जनावराच्या अंगात गोळीच जाते. रायफल तुझ्या हातातच राहते.

आता 'बोल्ट'च का? साहेबांच्या जमान्यात मोठ्या शिकारीची मानाची रायफल म्हणजे दुनळी. दोन नळ्या शेजारी-शेजारी, लागोपाठ दोन बार. पण त्या दोन नळ्यांचा नेम एकाच जागी जुळवणं हे कारागिराचं महिनोन्‌महिन्यांचं काम, त्यामुळे किंमत संस्थानिकांनाच परवडायची. जर्मनीच्या पाउल माउझरनं १८९८ मध्ये लष्करासाठी जी बोल्ट रायफल बनवली, तिनं हे चित्र पालटलं. तीच यंत्रणा लंडनच्या बंदूकवाल्यांनी उचलली, मोठ्या काडतुसांसाठी लांब करून घेतली, आणि मळेवाला, जंगल खात्याचा अधिकारी, मामलेदार यांच्या आवाक्यात मोठी रायफल आली.

माउझरची युक्ती एका चिमट्यात आहे. बोल्टच्या बाजूला पोलादाची रुंद पकड असते. मॅगझिनमधून काडतूस वर आलं, की त्याची कड त्या पकडीत शिरते आणि बार उडून रिकामं नळकांडं बाहेर फेकलं जाईपर्यंत सुटत नाही. साध्या बोल्टमध्ये काडतूस नुसतं पुढं ढकललं जातं. ते शेवटपर्यंत आत जाईपर्यंत कुणाच्याच ताब्यात नसतं. शांतपणे चांदमारी करताना दोन्ही सारखेच. पण समोरून जनावर येतंय, हात थरथरतोय, माणूस बोल्ट अर्धाच पुढं ढकलतो आणि घाबरून मागं ओढतो. अशा वेळी साध्या यंत्रणेत पहिलं काडतूस आतच राहतं, त्याच्या मागं दुसरं येऊन अडकतं, आणि रायफलीची काठी होते. पकड असेल तर पहिलं काडतूस परत बाहेर येतं. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीनं आपल्या मॉडेल ७० मधली ही पकड १९६४ मध्ये काढून टाकली. गिऱ्हाइकांनी इतकी कुरकुर केली, की पुढं ती परत आणावी लागली. यंत्र बनवणारा माणसाला शांत गृहीत धरतो की घाबरलेला, यावर यंत्राचा आकार ठरतो. आम्हाला हे फार आवडतं.

आणखी एक बारकावा उष्णतेचा. त्या काळची दारू म्हणजे कॉर्डाइट. उन्हात तापली की नळीतला दाब वाढायचा, आणि नळकांडं आतल्या आत फुगून चिकटून बसायचं. .४१६ रिग्बीचं काडतूस अवाढव्य दिसतं ते याचसाठी : पोट मोठं ठेवलं, म्हणजे दाब कमी. .३७५ चं नळकांडं लांब, निमुळतं. म्हणून ते सहज आत जातं आणि सहज निघतं. लंडनच्या दुकानात बसून ही काडतुसं आखली गेली, पण आखली ती आपल्याकडच्या आणि आफ्रिकेच्या उन्हाळ्यासाठी.

आपल्या देशानं या धंद्याला आणखी एक वळण दिलं, आणि त्याचा शिकारीशी काही संबंध नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. .४५० म्हणजे त्या वेळचं मोठ्या शिकारीचं सर्वात चालतं माप. पण जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलीही त्याच मापाच्या, आणि बंडखोरांच्या हाती त्या पडलेल्या. त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून ही बंदी. मग लंडनच्या कारखानदारांनी काय केलं? .४६५, .४७०, .४७५ अशी मापं बाजारात पुढं केली. आज जगभर नावाजलेली .४७० ही अशी आपल्याकडच्या सरकारी भीतीवर मोठी झाली. स्वातंत्र्यानंतरही तो विचार गेला नाही. लष्करी मापाची .३०३ सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, म्हणून आपल्याकडे.३१५ दिसते, इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी. तिचं काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी मॅनलिखर काडतुसावरून आलेलं. माणसासाठी आखलेलं, गव्यासाठी नव्हे.

इथं आता घरात यायला हवं.

आमचे आबा वकील होते. कोल्हापूरच्या शिकारखान्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली ती पिढी. शाहू महाराजांचं सोनतळी, दाजीपूरचं राखीव रान, आफ्रिकेतून मागवलेले चित्ते आणि त्यांना शिकवणारे चित्तेवान, फासेपारध्यांचं कसब. त्या पिढीला शिकार म्हणजे मर्दुमकीची शाळा वाटायची. नव्या राजवाड्यातल्या म्युझियममध्ये पेंढा भरलेली जनावरं आहेत, ती आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत बघितली आहेत. आबा आम्हाला प्रत्येक जनावरापाशी थांबवून, गोळी कुठं लागली असेल ते विचारायचे.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्या वेळी मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी कायदा होता, शिकारीला परवाना लागायचा. आबांनी तो रीतसर काढला, अभयारण्याबाहेरच्या रानासाठी. रायफल त्यांच्याकडे होती ती .३१५. गव्याला ती कमी पडते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी वाचलं होतं, की कॉर्बेट साहेब .२७५ रिग्बी वापरत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली त्यांना ती भेट मिळाली होती. आफ्रिकेत वॉल्टर बेलनं तर त्याच मापाच्या बारीक गोळीनं शेकडो हत्ती पाडले होते. मग .३१५ नं गवा का नाही पडणार, असा त्यांचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद आम्ही पुढं तीस वर्षं वर्गात तर्कदोषाचा नमुना म्हणून सांगितला, आबांचं नाव न घेता. बेलनं हत्तीच्या कवट्या करवतीनं कापून मेंदू नेमका कुठं असतो ते पाहिलं होतं. त्याची गोळी बारीक होती, कारण त्याला जागा माहीत होती. शिवाय बारीक रायफल घेऊन गेलेले जे परत आले नाहीत, त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत. आपल्या हातात पडतं ते बेलचं पुस्तक.

हाका झाला. गवा निघाला तो चाळीसेक पावलांवर, झाडीत, तिरका. आबांनी बार काढला. गोळी खांद्यावर लागली, वर. गवा बसला, उठला आणि गेला. दोन दिवस त्याच्या मागावर माणसं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कारवीत दबा धरून उभा होता, आणि सर्वात पुढं होता तो हाकाऱ्यांपैकी एक, भुदरगडकडचा, आबांच्याच वयाचा. त्याला शिंगावर घेतलं. बरगड्या मोडल्या, मांडी फाटली. माणूस वाचला, पण पुन्हा नांगराला लागला नाही. गवा तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या पाण्यात मेलेला सापडला.

आबांनी त्या घराला शेवटपर्यंत मदत केली. दिवाळीला धान्य, पोरांची फी. आम्ही लहान होतो. ती माणसं घरी आली की आबा ओसरीवरून उठून आत का जातात, ते आम्हाला कळायचं नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी .३७५ घेतली. एका इंग्रज कॉफी मळेवाल्यानं देश सोडताना विकलेली, दोन हात फिरून आलेली. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, ती आम्हाला निवडीच्या चर्चेत सर्वात महत्त्वाची वाटते. ते सराव करायला लागले. मोठ्या रायफलीचा धक्का बसतो; .४१६ चा तर .३७५ च्या दीडपटीच्या आसपास. आणि तो धक्का खांद्यापेक्षा डोक्यात जास्त बसतो. दोन-चार बारांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो, गोळी वर जाते किंवा जमिनीत जाते. त्याचं त्यालाच कळत नाही. आबा आम्हाला जवळ उभं करायचे, आणि काडतूस भरायचं की रिकामं नळकांडं, हे आम्ही ठरवायचं, त्यांना न सांगता. रिकाम्यावर नळीचं तोंड हललं तर तो दिवस तिथंच संपला. दस्ता त्यांच्या हाताला लांब पडत होता, तो सुताराकडून बोटभर कापून घेतला. वजन वाढलं तरी चालेल म्हणून जाड रबराची गादी बसवली. उभ्यानं, बसून, झाडाला टेकून. प्रत्येक बार वहीत टिपलेला. तीस पावलं, पन्नास पावलं, शंभर. शंभरापलीकडे त्यांनी कधी लावलाच नाही. आपल्या दाट रानात त्यापुढं दिसतंच काय?

म्हणून विद्यार्थ्याला आमचं उत्तर असं गेलं. आफ्रिकेतल्या काही देशांत धोकादायक जनावरासाठी .३७५ हे किमान माप कायद्यानंच ठरवलेलं आहे. तेव्हा .३७५ घे, काडतुसं कुठंही मिळतात, धक्का शिकून घेता येतो. .४१६ किंवा .४५८ तुला पेलेल, पण वर्षभर .३७५ चालवल्यावर ठरव. पकडीची यंत्रणा असू दे. दुर्बीण कमी शक्तीची, आणि ती काढून साध्या माशीनं नेम धरता आला पाहिजे. आणि दुकानदाराला विचारायच्या आधी स्वतःला विचार, की जखमी जनावराच्या मागं पुढच्या माणसाच्याही पुढं तू चालणार आहेस का. हे शेवटचं वाक्य त्याला फारसं रुचलं नसावं. उत्तर यायला तीन आठवडे लागले.

आता ॲरिस्टॉटलकडे परत. मघापासून आपण जे बोललो ते सगळं साधनांविषयी. बोअर, गोळी, चिमटा, दस्ता. शिकाऱ्यांच्या बैठकीतही हेच असतं, आणि रात्र उलटून जाते. साध्याचा प्रश्न तिथं कुणी काढत नाही, कारण तो काढला की बैठक मोडते. आपल्याकडे तो प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काढला आणि मिटवला. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका झालेल्या किंवा वाचण्यापलीकडे गेलेल्या जनावराविषयीच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात, तेही कारणं नोंदवून. हौसेला जागा नाही. तेव्हा कोल्हापुरात बसून 'कुठली मोठी रायफल घ्यावी' हा आज वैद्याविना औषधासारखा प्रश्न आहे.

तरीही साधनाची निवड सुटत नाही, ती दुसरीकडून येते. गवे आता उसात येतात, पन्हाळ्याच्या पायथ्याला येतात, शहराच्या वेशीपर्यंत येतात. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा शिरला. माणसांनी त्याला गल्लीबोळांतून पळवलं, भुलीचं इंजेक्शन मारून धरलं, आणि तो मेला. भुलीच्या बंदुकीलाही आबांच्या रायफलीचेच प्रश्न लागू आहेत : वजनाचा अंदाज, अंतर, नेम कुठं, आणि जनावर किती दमलं-भ्यालेलं आहे. धावून धावून तापलेल्या जनावराला भूल सोसत नाही. तिथं पहिलं साधन म्हणजे रस्ता मोकळा करणारी दोरी आणि मोबाइल खिशात ठेवणारी माणसं. ती कुठल्या दुकानात मिळतात ते आम्हाला विचारू नका.

आबांनी .३७५ नं एकाही जनावरावर बार काढला नाही. १९७२ च्या आधीही नाही. विचारलं तर म्हणायचे, अजून हात बसला नाही. वहीत मात्र शेवटच्या पानावर शंभर पावलांवरचे पाच बार आहेत, तळहाताखाली झाकतील असे.

त्यांच्यामागं परवाना आमच्या नावावर झाला. दर निवडणुकीला ती रायफल पिशवीत घालून पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. ठाण्यातले नवे हवालदार दरवेळी विचारतात, "सर, हिच्यानं काय मारलं?" मुलाला ती नको आहे. येत्या नूतनीकरणाला आम्ही ती सरकारजमा करणार आहोत. वही ठेवू.

चला, प्रश्न असतील तर घेऊ या. मागच्या रांगेतले ते गृहस्थ आज आलेत का?